सेंद्रिय शेती : संक्रमणाचा इतिहास

रासायनिक खते व कीटकनाशके यांवर आधारलेल्या शेतीकडून, जमिनीची सुपीकता जैव मार्गांनी राखणाऱ्या शेतीकडे आणि तिला अनुरूप अशा अन्नव्यवस्थेकडे वळण्याच्या प्रक्रियेला सेंद्रिय शेतीकडे होणारे संक्रमण म्हणतात. या प्रक्रियेत खताचा प्रकार बदलणे ही एकच गोष्ट अंतर्भूत नसते. पिकांची फेरपालट, जनावरांची संख्या, मजुरांची उपलब्धता, बी-बियाणे, कर्जपुरवठा, बाजारपेठ व लोकांचा आहार या सर्वांमध्ये तीमुळे फेरबदल होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा शेतीची तात्त्विक व प्रायोगिक बैठक तयार झाली. तर त्या शतकाच्या अखेरीपासून काही राज्ये व राष्ट्रे यांनी ती धोरण म्हणून स्वीकारली. क्यूबा, सिक्कीम व श्रीलंका यांचे अनुभव या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहेत.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील बहुतेक सर्व शेती आजच्या अर्थाने सेंद्रियच होती. तथापि ती सर्वत्र समृद्ध होती, असे मात्र नाही. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले इंग्रज रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ मधील आपल्या अहवालात येथील शेतकऱ्यांच्या कौशल्याची प्रशंसा केली. परंतु सरपणाच्या अभावी शेण जाळले जाते व त्यामुळे जमीन खताला मुकते, ही उणीवही दाखवून दिली. गावाजवळ सरपणासाठी व वैरणीसाठी झाडे राखल्यास शेण शेतात जाईल, अशी त्यांची सूचना होती. शेतीच्या सुपीकतेचा प्रश्न चुलीपर्यंत जाऊन भिडतो, हे तीवरून स्पष्ट होते. अमेरिकन मृदावैज्ञानिक एफ्. एच्. किंग यांनी १९०९ मध्ये चीन, कोरिया व जपान या देशांचा प्रवास केला. कालव्यांतील गाळ, सोनखत, राख व शेंगावर्गीय पिके यांच्या काटेकोर वापरामुळे तेथील जमिनी शतकानुशतके पिकत राहिल्या, असे त्यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद केले. मात्र या पद्धतीस अपार मानवी श्रम लागत, हेही त्यांच्या वर्णनावरून दिसते.

रासायनिक खतांचा उदय : जर्मन रसायनज्ञ युस्टुस फोन लीबिक (१८०३–७३) यांनी १८४० मध्ये वनस्पतींच्या खनिज पोषणाचा सिद्धांत मांडला. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचे एकस्व मिळविले व पुढील वर्षी रॉथॅमस्टेड येथे दीर्घकालीन खतप्रयोग सुरू केले. फ्रिट्स हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया तयार करून दाखविला आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. या शोधामुळे शेतीतील नत्राचा पुरवठा प्रथमच शेण, सोनखत व शेंगावर्गीय पिके यांच्या मर्यादेतून मुक्त झाला. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या कृत्रिम नत्राच्या आधारे पिकते, असा अंदाज आहे. संक्रमणाच्या कोणत्याही योजनेस या वस्तुस्थितीचा विचार करावा लागतो.

इंदूर पद्धती : सेंद्रिय शेतीच्या शास्त्रशुद्ध विवेचनाचा पाया मुख्यतः भारतात घातला गेला. सर ॲल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे १९०५ मध्ये पुसा (बिहार) येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांनी व त्यांच्या पत्नी गेब्रिएल हॉवर्ड यांनी गव्हाचे सुधारित वाण तयार केले. पिकावरील रोग हे बहुधा जमिनीच्या व मुळांच्या बिघडलेल्या स्थितीचे निदर्शक असतात, असे मत त्यांनी या काळात बनविले. १९२४ मध्ये त्यांनी इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन केली. होळकर संस्थानाने तीस सु. ३०० एकर जमीन दिली, तर भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने अर्थसाहाय्य केले.

या संस्थेत हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत विकसित केली, ती ‘इंदूर पद्धती’ म्हणून ओळखली जाते. शेतातील तण, पालापाचोळा, उसाचे पाचट, पऱ्हाट्या, तुरीची धसकटे असा सर्व काडीकचरा त्यासाठी गोळा करण्यात येई. कठीण काड्या शेतातील रस्त्यांवर पसरीत, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून मऊ होत. हा कचरा नंतर गोठ्यात जनावरांखाली अंथरला जाई. उथळ खड्ड्यांत या काडीकचऱ्याचे थर देऊन त्यांवर शेणकाला, मूत्र मुरलेली माती व लाकडाची राख टाकीत व ते पाण्याने भिजवीत. सु. दोन आठवडे, एक महिना व दोन महिने या अंतरांनी खड्डा उलथापालथ करून त्यात हवा खेळती ठेवली, की तीन महिन्यांत गडद रंगाचे, भुसभुशीत खत तयार होई. मूळ कचऱ्यातील कार्बन व नत्र यांचे प्रमाण सु. ३३:१ असावे आणि कुजण्याच्या क्रियेत ते १०:१ च्या आसपास यावे, हे या पद्धतीचे शास्त्रीय सूत्र होय. एका बैलजोडीमागे वर्षाला सु. ५० गाड्या खत मिळू शकते, असा त्यांचा हिशेब होता. हॉवर्ड व वाड यांचा द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर हा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दशकात आफ्रिकेतील कॉफीच्या आणि भारत व सिलोन येथील चहाच्या काही मळ्यांनी ही पद्धत अंगीकारली. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये इंदूर येथील संस्था पाहिली व हरिजन साप्ताहिकातून या पद्धतीची माहिती प्रसृत झाली.

इंदूर पद्धतीचे मर्म असे की, तीत बाहेरची निविष्टा बंद करण्याआधी शेतातच तिची जागा घेणारे खत निर्माण करण्याची व्यवस्था होती. जनावरे, काडीकचरा, पाणी, मजुरी व वेळ यांचा हिशेब तीत गृहीत होता. पुढील काळात सेंद्रिय शेतीचा पुरस्कार करताना या हिशेबाकडे अनेकदा दुर्लक्ष झाले.

पाश्चात्त्य देशांतील चळवळ : ऑस्ट्रियन विचारवंत रूडोल्फ श्टाइनर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून जैवगतिक शेतीची परंपरा सुरू झाली. इंग्लंडमध्ये लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० मध्ये ‘सेंद्रिय शेती’ ही संज्ञा रूढ केली. त्याच वर्षी हॉवर्ड यांचा ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हा ग्रंथ प्रकाशित झाला. लेडी ईव्ह बॅल्फर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये ‘सॉइल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेत जे. आय्. रोडेल यांनी १९४२ पासून नियतकालिकाद्वारे या शेतीचा प्रसार केला. रेचेल कार्सन यांच्या सायलेंट स्प्रिंग (१९६२) या ग्रंथाने कीटकनाशकांच्या दुष्परिणामांकडे जगाचे लक्ष वेधले. १९७२ मध्ये सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ व्हर्साय (फ्रान्स) येथे स्थापन झाला. जपानमधील मासानोबू फुकुओका यांनी नांगरणी, खत व फवारणी यांविना करावयाच्या नैसर्गिक शेतीची मांडणी १९७५ मध्ये केली.

हरितक्रांती व तिचे परिणाम : भारतात मात्र या काळात प्रवाह विरुद्ध दिशेने वाहत होता. १९४३ चा बंगालचा दुष्काळ व त्यानंतरची धान्यटंचाई यांमुळे उत्पादनवाढीला अग्रक्रम मिळाला. सिंद्री येथील खत कारखान्यात १९५१ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९६६ मध्ये मेक्सिकन गव्हाचे सु. १८,००० टन बियाणे आयात करण्यात आले. गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मधील सु. १.२ कोटी टनांवरून १९७०-७१ मध्ये सु. २.४ कोटी टनांवर गेले. परदेशी धान्यावरील अवलंबित्व संपविणारी ही कामगिरी निःसंशय मोठी होती. परंतु तिच्याबरोबरच पंजाबातील भूजलाची घसरण, युरियाचा असंतुलित वापर, जमिनीतील सेंद्रिय कर्बाचा ऱ्हास व कडधान्यांची पीछेहाट हे प्रश्नही पुढे आले. येथून पुढे संक्रमणाचा प्रश्न अटीतटीचा झाला : जी शेती जमीन व पाणी यांचा क्षय करते, तीच शेती कोट्यवधींचे पोट भरते. अशा स्थितीत बदल कोणत्या क्रमाने करावा, यावर लोकांचे अन्न अवलंबून राहते.

क्यूबा : या देशाचे संक्रमण संकटातून घडले. १९८९ पर्यंत क्यूबाचा बहुतांश परराष्ट्र व्यापार सोव्हिएट रशिया व पूर्व यूरोपातील राष्ट्रे यांच्याशी होता. साखर निर्यात करावी आणि धान्य, इंधन, खते व ट्रॅक्टर आयात करावेत, अशी तेथील व्यवस्था होती. सोव्हिएट गटाच्या विघटनामुळे ही आयात अल्पावधीत कोसळली. रासायनिक खतांची आयात सु. तीन-चतुर्थांशाने घटली. १९९० मध्ये सरकारने ‘शांतताकालीन विशेष कालखंड’ जाहीर केला. १९९० ते ९३ या काळात राष्ट्रीय उत्पन्न सु. एक-तृतीयांशाने घसरले. सरासरी आहारातील उष्मांकही मोठ्या प्रमाणात कमी झाले. १९९१ ते ९३ दरम्यान पन्नास हजारांहून अधिक लोकांना मज्जातंतुविकार जडला व अनेकांची दृष्टी अधू झाली; या साथीचा संबंध मुख्यतः आहारातील ब-जीवनसत्त्वांच्या अभावाशी जोडण्यात आला. सेंद्रिय शेतीच्या यशोगाथेत हा भाग पुष्कळदा गाळला जातो.

तरीही क्यूबाची शेती सावरली, याची कारणे त्याआधीच्या तयारीत होती. तेथील संशोधन संस्थांनी जैव कीडनियंत्रणाचे काम संकटापूर्वीच हाती घेतले होते. त्यामुळे परोपजीवी कीटक व रोगकारक बुरशी यांची निपज करणारी दोनशेहून अधिक स्थानिक केंद्रे त्वरेने कामास लावता आली. रताळ्यावरील सोंडकिड्याचा नाश करण्यासाठी केळीच्या खोडांच्या तुकड्यांत मुंग्यांची वारुळे वसवून ती शेतात नेऊन ठेवण्याची युक्ती त्यांनी वापरली. ट्रॅक्टरांच्या जागी बैल आले व त्यांची संख्या काही वर्षांत दुपटीवर गेली. सप्टेंबर १९९३ मध्ये मोठी सरकारी शेते विभागून ती कामगारांच्या सहकारी गटांकडे कसण्यास देण्यात आली. १९९४ मध्ये शेतकऱ्यांना ठरावीक हिस्सा सरकारला दिल्यावर उरलेला माल खुल्या बाजारात विकण्याची मुभा मिळाली. हाव्हॅना व इतर शहरांत पडीक जागांवर कंपोस्ट भरलेले वाफे बांधून भाजीपाला पिकविण्यात येऊ लागला. यामुळे शहरांच्या भाजीपुरवठ्यात लक्षणीय वाढ झाली. मात्र ऊस व बटाटा यांसारख्या पिकांना रसायने मिळतच राहिली आणि गहू, तांदूळ व इतर खाद्यपदार्थांची मोठ्या प्रमाणावरील आयात क्यूबाला टाळता आली नाही.

सिक्कीम : भारतातील या डोंगराळ राज्याने याउलट संथ व नियोजित मार्ग निवडला. मुख्यमंत्री पवनकुमार चामलिंग यांच्या कारकीर्दीत २००३ मध्ये विधानसभेत पूर्णपणे सेंद्रिय शेतीचा संकल्प जाहीर झाला. रासायनिक खतांवरील अनुदान एकदम बंद न करता ते दरवर्षी टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. दरम्यान गांडूळखत व कंपोस्ट यांचे खड्डे, मृदापरीक्षण, जैव खते व प्रशिक्षण यांची सोय करण्यात आली. २०१० मध्ये ‘सिक्कीम सेंद्रिय अभियान’ सुरू झाले. प्रमाणीकरणाचा खर्च शासनाने उचलला. रसायनांवर बंदी घालणारा व उल्लंघनास शिक्षा ठरविणारा कायदा २०१४ मध्ये, म्हणजे प्रारंभानंतर सु. अकरा वर्षांनी झाला. सु. ७५,००० हेक्टर क्षेत्र प्रमाणित झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये गंगटोक येथे सिक्कीम हे देशातील पहिले सेंद्रिय राज्य म्हणून घोषित करण्यात आले. २०१८ मध्ये या धोरणास आंतरराष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

सिक्कीमच्या यशास तेथील परिस्थिती अनुकूल होती. रसायनांचा वापर तेथे मुळातच अत्यल्प होता. मोठी वेलची, आले व हळद ही तेथील मुख्य नगदी पिके असून ती थोड्या वजनात अधिक मोल देतात. लोकसंख्या अल्प असून बरेचसे धान्य मैदानी प्रदेशातून येते. ज्या प्रदेशातून हे धान्य येते, तेथील शेती मात्र रासायनिक खतांवरच चालते. म्हणून सिक्कीमचे उदाहरण इतर डोंगराळ प्रदेशांना मार्गदर्शक असले, तरी पंजाब किंवा गंगेच्या खोऱ्यास ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

श्रीलंका : क्रम उलटा झाल्यास काय होते, याचे श्रीलंका हे ठळक उदाहरण होय. तेथे १९६२ पासून रासायनिक खते सवलतीने पुरविली जात होती व भातशेती त्यांवरच अवलंबून होती. २०१९ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्ष यांनी दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे वळण्याचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये रासायनिक खते व पीकसंरक्षक रसायने यांच्या आयातीवर एकदम बंदी घालण्यात आली. आरोग्य व पर्यावरण ही त्याची घोषित कारणे होती. परंतु परकीय चलनाची तीव्र टंचाई हेही त्यामागील महत्त्वाचे कारण मानले जाते.

या निर्णयातील अडचण साध्या हिशेबाने स्पष्ट होते. एका हेक्टरला १०० किग्रॅ. नत्र द्यावयाचे, तर सु. २१७ किग्रॅ. युरिया पुरतो; तेवढेच नत्र १ ते २ टक्के नत्र असलेल्या कंपोस्टमधून द्यावयाचे, तर ५ ते १० टन कंपोस्ट लागते. शिवाय त्यातील काही भागच पहिल्या हंगामात पिकास उपलब्ध होतो. असे खत देशभर तयार करण्यासाठी लागणारी जनावरे, काडीकचरा, वाहतूक व वेळ यांची तरतूद झालेली नव्हती. चीनमधून मागविलेला सेंद्रिय खताचा साठा जंतुदोषाच्या कारणावरून नाकारावा लागला. चहा व भात या दोन्ही पिकांच्या उत्पादकांत असंतोष पसरला. ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली. परंतु ‘महा’ या मुख्य हंगामाची पेरणी तोपर्यंत होऊन गेली होती. नंतर परकीय चलनाअभावी व जागतिक भाववाढीमुळे खते पुरेशी मिळू शकली नाहीत. २०२२ मध्ये भाताचे उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने मोठ्या प्रमाणात घटले आणि भाताबाबत जवळजवळ स्वयंपूर्ण असलेल्या या देशास तांदूळ आयात करावा लागला. देशाची आर्थिक दिवाळखोरी व त्यानंतरचा जनक्षोभ यांस करकपात, कर्जबाजारीपणा व पर्यटनातील मंदी हीही कारणे होती. परंतु अन्नटंचाईने त्यांत भर घातली, हे निश्चित. जुलै २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पदत्याग करावा लागला.

ग्राहकांकडून प्रेरणा : डेन्मार्कमध्ये संक्रमणाला मागणीच्या बाजूने चालना देण्यात आली. तेथे १९८७ मध्ये सेंद्रिय शेतीविषयक कायदा संमत झाला. संक्रमणकाळात शेतकऱ्यांना अर्थसाहाय्य मिळू लागले व लवकरच शासकीय गुणचिन्हही प्रचारात आले. कोपनहेगन नगरपालिकेने पाळणाघरे, शाळा व वृद्धाश्रम यांच्या स्वयंपाकघरांतील ९० टक्के अन्न सेंद्रिय असावे, असे उद्दिष्ट ठेवले व ते बहुतांशी साध्य केले. त्यासाठी स्वयंपाक्यांना प्रशिक्षण देण्यात आले. मांसाचे प्रमाण कमी करून हंगामी भाज्या व कडधान्ये वाढविण्यात आली, अन्नाची नासाडी टाळण्यात आली व अशा रीतीने वाढीव किंमत भरून काढण्यात आली. संक्रमणाचा काही भार आहारातील बदलाने पेलता येतो, हे यावरून दिसते.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात या क्षेत्रातील प्रयत्न प्रथम शासनाबाहेर झाले. पुसद (जि. यवतमाळ) येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी हवेसाठी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजविण्याची पद्धत बसविली, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर परिचित झाली. जनावरांची संख्या घटत असताना शेणाची बचत करणारी ही पद्धत इंदूर पद्धतीची उपयुक्त पुरवणी ठरली. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या उपक्रमातून शेतकऱ्यांनाच प्रयोगकर्ते बनविले. द्राक्षबागाईतदारांवर त्यांच्या विचारांचा विशेष प्रभाव पडला. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीत शेण, गोमूत्र, गूळ व बेसन यांपासून बनविलेल्या ‘जीवामृता’वर भर आहे. आंध्र प्रदेशात या विचारांच्या आधारे महिला बचतगटांमार्फत मोठा कार्यक्रम राबविण्यात आला. काही कृषिशास्त्रज्ञांनी मात्र या पद्धतीने पिकाची नत्राची गरज भागेल का, याविषयी शंका व्यक्त केली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेतीचे अभियान सुरू केले. २००२ नंतर विदर्भातील कपाशीचे बहुतेक क्षेत्र बीटी वाणांखाली गेले. सेंद्रिय प्रमाणीकरणात जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नसल्याने, योग्य बियाणे मिळविणे ही तेथील एक मोठी अडचण होय.

मूल्यमापन : स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चालू असलेल्या तुलनात्मक प्रयोगात सेंद्रिय शेतीचे उत्पादन सरासरीने सु. २० टक्के कमी आले. मात्र खतांचा वापर एक-तृतीयांश ते निम्म्याने घटला व जमिनीतील सूक्ष्मजीवसृष्टी अधिक समृद्ध आढळली. निरनिराळ्या देशांतील प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासांतही साधारणपणे असेच अंतर दिसते. पीक, जमीन व फेरपालट यांनुसार ते कमीजास्त होते. प्रमाणीकरणासाठी हंगामी पिकांना सामान्यतः दोन व बहुवर्षायू पिकांना तीन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. या काळात उत्पादन घटते, पण सेंद्रिय मालाचा वाढीव भाव मिळत नाही. ही तूट सोसण्याची कुवत अल्पभूधारकांत क्वचितच असते. २०२२ मध्ये जगात सु. ९.६ कोटी हेक्टर क्षेत्र सेंद्रिय म्हणून नोंदलेले होते. ते एकूण शेतजमिनीच्या सु. २ टक्के भरते व त्यातील निम्म्याहून अधिक क्षेत्र ऑस्ट्रेलियात, मुख्यतः कुरणांच्या स्वरूपात आहे.

या इतिहासावरून असे दिसते की, संक्रमणाचे यशापयश क्रमावर अवलंबून असते. सिक्कीममध्ये पर्यायी खताची व प्रशिक्षणाची व्यवस्था आधी झाली व बंदी मागाहून आली. क्यूबात बंदी परिस्थितीने लादली. पूर्वीचे संशोधन व जमीनव्यवस्थेतील बदल यांमुळे शेती तगली, तरी त्याची किंमत लोकांना आरोग्याने मोजावी लागली. श्रीलंकेत बंदी आधी आली व पर्याय आलाच नाही. जमिनीची सुपीकता वर्षानुवर्षांच्या मशागतीने साठते आणि ती हुकमाने निर्माण करता येत नाही. म्हणून संक्रमणकाळातील तोटा एकट्या शेतकऱ्यावर न टाकता तो समाजाने वाटून घेणे, ही अशा प्रत्येक धोरणाची पहिली अट ठरते.